पऱ्हाटीचे यंत्र आणि इंजिनाचा वेग



कापसाची शेवटची वेचणी झाली की आपल्या तामसीच्या रानात जिकडेतिकडे वाळलेली पऱ्हाटी उभी दिसते. पूर्वी आपण ती उपटून थोडी सरपणाला घरी आणत असू व उरलेली धुऱ्यावर जाळून टाकत असू. आता पुष्कळजण ट्रॅक्टरमागे श्रेडर लावून ती शेतातच बारीक करतात, आणि धुऱ्यावरचे गवत स्लॅशरने कापतात. ही चांगली गोष्ट आहे. गुलाबी बोंडअळी उरलेल्या बोंडांत व पऱ्हाटीच्या ढिगांत दडून राहते. २०१७ साली पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात व साऱ्या विदर्भात तिने कापसाची काय दशा केली, ते आपल्याला ठाऊक आहे. पऱ्हाटी वेळेवर बारीक करून मातीत मिसळली तर अळीचा आसरा मोडतो आणि जमिनीलाही खत मिळते.

परंतु हे यंत्र चालवताना इंजिनाचा वेग किती ठेवायचा, याविषयी आपल्यात दोन चुकीच्या समजुती आहेत. डिझेल वाचावे म्हणून मालक म्हणतो, "रेस कमी ठेव." एकरी भाडे ठरवून आलेला ड्रायव्हर लवकर उरकावे म्हणून रेस पूर्ण ओढतो. आम्ही काही मेकॅनिक नव्हे. पण अशा यंत्रात हात गमावलेल्या एका तरुणाच्या खाटेजवळ आम्ही बसलो आहोत. म्हणून जाणत्यांना विचारून व समजून घेऊन हा पाठ लिहीत आहोत.

१. ५४० म्हणजे काय?

ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला जो दांडा यंत्राला फिरवतो, त्याला पी.टी.ओ. म्हणतात. आपल्याकडची बहुतेक यंत्रे हा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेईल, असे धरून बनवलेली असतात. हे फेरे दांड्याचे आहेत, इंजिनाचे नव्हेत. दांड्याला ५४० फेरे मिळण्यासाठी इंजिनाला कोणत्या ट्रॅक्टरमध्ये १५०० च्या आसपास, तर कोणत्यात १८०० किंवा त्याहूनही अधिक फेरे घ्यावे लागतात. म्हणून शेजाऱ्याचा आकडा आपल्या ट्रॅक्टरला लागू पडत नाही. बहुतेक ट्रॅक्टरांच्या मीटरवर ५४० ची खूण असते, व पुस्तिकेतही आकडा दिलेला असतो. मीटर बंद असेल तर मेकॅनिककडून फेरे मोजून घ्यावेत आणि रेसच्या दांडीजवळ रंगाची खूण करून ठेवावी. काही यंत्रांना ५४० ऐवजी १००० फेरे लागतात. म्हणून यंत्रावरची पाटी आधी वाचावी.

२. वेग कमी ठेवला तर

श्रेडरचे किंवा स्लॅशरचे पाते कात्रीसारखे कापत नाही, ते फटक्याने कापते. फटका जोराचा बसला तरच जाड पऱ्हाटी तुटते. वेग कमी पडला की ती चिरते, वाकते, यंत्रात अडकते. बुडखे फाटके राहतात व त्यांना पुन्हा फूट येते. त्या हिरव्या फुटीवर किडी जगतात. यंत्राला पट्टे असतील तर ते घसरून तापतात. इंजिनावर ओझे येते आणि काळा धूर निघतो. जे डिझेल वाचवायचे होते, तेच दुसऱ्यांदा फिरवताना जाते.

३. वेग जास्त ठेवला तर

पात्याचे टोक सेकंदाला ५० मीटर किंवा त्याहूनही वेगाने फिरते, म्हणजे ताशी १८० किलोमीटर. ५४० ऐवजी ६५० फेरे दिले तर वेग पाचव्या हिश्शाने वाढतो, पण पात्याच्या फटक्यातील शक्ती सुमारे ४५ टक्क्यांनी वाढते. त्या जोराने उडालेला गोटा बंदुकीच्या गोळीसारखा जातो. पात्याचा बोल्ट तुटला तर पातेच उडते. सांधे आणि गिअरबॉक्स लवकर झिजतात, ते वेगळेच. आपल्या काळ्या रानात गोटे कमी नाहीत. म्हणून यंत्र चालू असताना शेतात पोरेबाळे, वेचणाऱ्या बाया किंवा जनावरे नसावीत.

४. फेरे रेसने, चाल गिअरने

हा या पाठाचा मुख्य मुद्दा आहे. इंजिन मंद ठेवून पी.टी.ओ. जोडावा. मग हाताने लावायची रेस हळूहळू वाढवून ५४० च्या खुणेवर आणावी व तिथेच राहू द्यावी. पायाची रेस कमीजास्त होते. यंत्र पूर्ण वेगात आले की मगच पिकात शिरावे. पऱ्हाटी दाट लागली, इंजिन दबू लागले, तर रेस वाढवू नये. थांबून खालचा गिअर टाकावा. पातळ लागली तर वरचा गिअर चालेल. शेताच्या टोकाला वळताना यंत्र उचलायचे असेल तर रेस उतरवून पी.टी.ओ. सोडावा, कारण दांडा तिरपा झाला की त्याच्या सांध्यांवर ताण येतो.

५. दांड्यावरचे कवच

५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. सात सेंटिमीटर जाडीचा दांडा एका सेकंदात सुमारे दोन मीटर कापड गुंडाळून घेतो. लुंगीचा सोगा, साडीचा पदर, गमछा किंवा ओढणी अडकली तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. ट्रॅक्टरवर बसलेल्याला कळेपर्यंत सारे होऊन गेलेले असते. म्हणून दांड्यावरचे प्लास्टिकचे कवच व त्याची साखळी काढून टाकू नये; तुटले असेल तर नवे बसवावे. यंत्र अडकले की पी.टी.ओ. सोडावा, इंजिन बंद करावे, किल्ली खिशात ठेवावी, पाती पूर्ण थांबू द्यावीत आणि मगच हात घालावा. पी.टी.ओ. सोडल्यावरही पाती काही वेळ फिरतच असतात.

६. अपघात झालाच तर

आधी इंजिन बंद करावे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरावे, हळद किंवा माती लावू नये. बोट तुटले तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे व ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात घालू नये. १०८ ला फोन करावा. धनुर्वाताचे इंजेक्शन लहान जखमेलाही चुकवू नये. रोज तासन्‌तास ट्रॅक्टर चालवणाऱ्याने कानांचीही काळजी घ्यावी, आणि धुळीत नाकातोंडावर कापड बांधावे. पण त्याची टोके आत खोचलेली असावीत.

पवित्र शास्त्र काय शिकवते?

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात, आठव्या वचनात, नवे घर बांधणाऱ्याला सांगितले आहे की त्याने धाब्याला कठडा करावा, म्हणजे कोणी पडून त्याच्या रक्ताचा दोष घरावर येणार नाही. पडणारा आपल्या पायाने वर चढला, असे म्हणून मालक सुटत नाही. दांड्यावरचे कवच हा आपल्या ट्रॅक्टरचा कठडा आहे. ड्रायव्हर रोजंदारीचा असो की आपलाच मुलगा असो, त्याच्या हातापायांची जबाबदारी मालकावर आहे. भाडे ठरवतानाच सांगावे, "५४० वर चालव, घाई करू नको, तास अर्धा तास जास्त लागला तरी हरकत नाही." अर्ध्या तासाचे डिझेल एका हातापेक्षा महाग नाही.

घरी बसून विचार करावा

१. आपल्या ट्रॅक्टरवर ५४० ची खूण कोठे आहे, हे घरातील चालवणाऱ्या प्रत्येकाला दाखवले आहे काय?
२. दांड्याचे कवच शाबूत आहे काय? नसेल तर पऱ्हाटीत यंत्र घालण्यापूर्वी ते कोण आणणार?
३. घाईपोटी आपण कोणा मजुराला धोक्यात घातले आहे काय?

येत्या रविवारी मिस्सानंतर ज्यांना खूण करून घ्यायची असेल त्यांनी ट्रॅक्टर चर्चच्या आवारात आणावेत. जाणत्या मेकॅनिकला आम्ही बोलावले आहे. प्रभू तुमच्या शेताला आणि तुमच्या हातांना आशीर्वाद देवो.

— तुमचे धर्मगुरू