लस मुलग्यांनाही हवी

मी डॉक्टर नव्हे, सॉफ्टवेअर इंजिनियर. तरी आरोग्यावर लिहीत आहे, त्याला कारण घडले. गेल्या उन्हाळी सुट्टीत अल खोबरहून पुण्याला गेलो असताना मुलीला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस देण्यासाठी नेले. डॉक्टरांनी विचारले, "मुलाला नाही आणलंत?" मला हसू आले. मुलाला गर्भाशय कुठे असते!

डॉक्टरांनी समजावले ते असे. ही लस ह्यूमन पॅपिलोमा, म्हणजे एचपीव्ही, या विषाणूविरुद्ध आहे. तो शरीरसंबंधातून, तेथील त्वचेच्या स्पर्शातूनही पसरतो. त्याच्या १६ व १८ या प्रकारांमुळे पुरुषांनाही घशाचा, गुदद्वाराचा व लिंगाचा कॅन्सर होऊ शकतो. ६ व ११ या प्रकारांमुळे गुप्तांगावर चामखिळी येतात. बहुतेकांचे शरीर वर्ष-दोन वर्षांत हा विषाणू आपोआप घालवते. मात्र पुरुषांसाठी याची नेहमीची अशी तपासणी नाही. इकाम्याच्या मेडिकलमध्येही तो पाहत नाहीत.

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ इथे एकटे राहतात, कुटुंब गावी. चामखीळ आली ती त्यांनी लाजेपायी वर्षभर लपवली. कुरुपाची पट्टी लावून कातडी भाजून घेतली. अखेर त्वचारोगतज्ज्ञाने ती गोठवून काढली. खरी भीती होती बायको काय म्हणेल याची. पण हा विषाणू शरीरात कित्येक वर्षे गुपचूप राहू शकतो. चामखिळीवरून तो कधी व कोणाकडून आला हे सांगता येत नाही. तेव्हा संशय नको, उपचार घ्या. पत्नीने गर्भाशयमुखाची नियमित तपासणी मात्र करून घ्यावी.

लक्षात ठेवण्याच्या गोष्टी:

१. लस आधी शिरलेला विषाणू काढत नाही, म्हणून ती लहान वयातच द्यावी.

२. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्वाव्हॅक' ही लस जानेवारी २०२३ मध्ये आली. ती वरील चारही प्रकारांवर असून ९ ते २६ वयाच्या मुलामुलींना देतात. त्या वेळी एका डोसची किंमत सुमारे २,००० रुपये होती.

३. पंधरावे वर्ष लागण्याआधी नव्हे, पंधरा वर्षे पूर्ण होण्याआधी सुरुवात केली तर सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस पुरतात. नंतर तीन लागतात. दुसरा डोस पुढच्या सुट्टीपर्यंत लांबला तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

४. इथल्या खासगी रुग्णालयात घ्यायची असल्यास विमा कंपनी खर्च देते का, हे आधी विचारा.

५. कंडोमने धोका कमी होतो, पूर्ण टळत नाही. तंबाखू व सिगारेट सोडा.

६. चामखिळीवर घरगुती प्रयोग नकोत. मलम, गोठवणे किंवा जाळणे हे डॉक्टरांनी ठरवावे. न भरणारी जखम किंवा मानेत गाठ असेल तर ताबडतोब दाखवा.

दोन दिवसांनी मी मुलालाही घेऊन गेलो. दोघांचाही दुसरा डोस पुढच्या सुट्टीत आहे. आपणही विमानाची तिकिटे काढतानाच मुलांची वये एकदा मोजून पाहावीत, ही विनंती.