विटेनबर्गची दोन चर्च

जर्मनीत एल्बे नदीच्या काठी विटेनबर्ग हे लहानसे नगर वसले आहे. प्रॉटेस्टंट पंथाचे उगमस्थान म्हणून जगभरातील यात्रेकरू व अभ्यासक येथे येतात. पैसे घेऊन पापाच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रे विकण्याच्या प्रथेविरुद्ध मार्टिन ल्यूथर यांनी ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी ९५ मुद्दे मांडले. राजवाड्याच्या चर्चच्या दारावर त्यांनी ते लावले, अशी परंपरागत समजूत आहे. मूळचे लाकडी दार १७६० मध्ये आगीत नष्ट झाले. १८५८ पासून तेथे ते मुद्दे असलेले ब्राँझचे दार आहे. ल्यूथर यांची समाधीही याच चर्चमध्ये आहे. त्यांनी बायबल जर्मन भाषेत आणले आणि सामान्य माणसाच्या भाषेला धर्मग्रंथाची प्रतिष्ठा दिली. या दारापुढे उभे राहणाऱ्याचे मन आदराने भरून येते.

तेथून थोड्याच अंतरावर नगराचे जुने चर्च आहे. ल्यूथर येथे प्रवचने देत. त्याच्या बाहेरील भिंतीवर उंचावर एक जुने शिल्प दिसते. ते ल्यूथर यांच्या जन्माच्याही सुमारे दोन शतके आधीचे आहे. ज्यूंच्या धर्मात डुक्कर निषिद्ध. या शिल्पात मात्र ज्यू माणसे डुकरिणीला लुचताना दाखवली आहेत. एका समाजाचा याहून क्रूर उपहास तो कोणता! ल्यूथर यांनी या शिल्पाचा निषेध केला नाही. उलट १५४३ मध्ये त्याचाच आधार घेऊन ज्यूंची निंदा केली आणि त्यांची प्रार्थनास्थळे जाळावीत, असेही लिहिले. पुढे नाझींनी त्यांच्या या लेखनाचा वापर केला. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनास्थळे खरोखरच पेटवण्यात आली.

या घटनेला ५० वर्षे झाली तेव्हा, १९८८ मध्ये, शिल्पाखाली जमिनीवर एक स्मृतिफलक बसवण्यात आला. दाबून बसवलेल्या फरश्यांच्या सांध्यांतून खालचे काही उसळून वर यावे, अशी त्याची रचना आहे. मारल्या गेलेल्या साठ लाख ज्यूंचे तो स्मरण करून देतो. शिल्प काढून टाकावे, या मागणीचा खटला जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत गेला. फलक व माहितीमुळे त्या जागेला स्मारकाचे रूप आले आहे, असे सांगून न्यायालयाने १४ जून २०२२ रोजी ती मागणी फेटाळली. तरीही, अपमान भिंतीवर का राहावा, हा प्रश्न अनेकांना आजही अस्वस्थ करतो.

एकाच लेखणीतून मुक्तीचे आणि द्वेषाचे, दोन्ही शब्द उमटले. म्हणून विटेनबर्गला जाणाऱ्याने दार पाहून परत फिरू नये. भिंतीखालीही क्षणभर उभे राहावे.

विचार करा : शिल्प तेथेच ठेवावे की संग्रहालयात हलवावे? तुमचे मत कारणांसह लिहा.