काचेवरचं धुकं आणि आठ मार्कांचा प्रश्न

एका जुलैतली गोष्ट. रत्नागिरीहून कोल्हापूरला परत येत होतो. गाडीत पाच जण, सगळे चिंब भिजलेले. आंबा घाट चढायला लागलो आणि समोरची काच आतून पांढरी झाली. मागचे ‘अरे, पूस ना!’ म्हणून ओरडतायत, चालवणारा एका हाताने रुमाल फिरवतोय. एका वळणावर समोरचा ट्रक अगदी जवळ आल्यावर दिसला. कशीबशी गाडी कडेला घेतली. सगळ्यांची बोलती बंद!

गंमत म्हणजे पाचातले चौघे मेकॅनिकलचे. सायक्रोमेट्रिक चार्टवरचा आठ मार्कांचा प्रश्न सगळ्यांनी सोडवलेला. गाडीत मात्र एकालाही दवबिंदू आठवला नाही. वर चहाच्या टपरीवर एक जीपवाले मामा म्हणाले, “एसी लावा की पोरांनो!” लावला. दोन-तीन मिनिटांत काच स्वच्छ.

तर तो प्रश्न आता नीट सोडवू. हवेत बाष्प किती मावेल हे तापमानावर ठरतं. २६ अंश सेल्सिअसला एका घनमीटरमध्ये साधारण २४ ग्रॅम, तर २१ अंशाला १८ ग्रॅमच. समजा, पावसाने काच २१ अंशावर आली आणि आतली हवा २६ अंशांची आहे. मग आतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली, की काचेला लागून असलेली हवा संपृक्त होते आणि जादा बाष्प बारीक थेंब होऊन काचेवर बसतं. पाणी पारदर्शक खरं, पण हे असंख्य थेंब प्रकाश सगळीकडे विखुरतात. म्हणून काच पांढरी दिसते.

एवढं बाष्प येतं कुठून? आपल्याकडूनच! श्वास आणि त्वचा मिळून एक माणूस तासाला निदान ३० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. पाच जणांचे १५० ग्रॅम झाले, ओले कपडे वेगळेच. गाडीतली हवा असते जेमतेम तीन घनमीटर. त्यात आम्ही काय केलं? पाऊस आत येतो म्हणून काचा बंद, ‘पेट्रोल खातो’ म्हणून एसी बंद, आणि आतलीच हवा फिरवणारं रीसर्क्युलेशन चालू!

उपाय असा :

१) रीसर्क्युलेशन बंद करा, बाहेरची हवा आत घ्या.
२) एसी लावा. त्याच्या थंड कॉइलवर बाष्पाचं पाणी होतं आणि नळीने गाडीखाली गळून जातं. हवा कोरडी होते.
३) तापमानाचा नॉब गरमकडे फिरवा आणि झोत समोरच्या काचेवर सोडा. काच दवबिंदूच्या वर गेली की थेंब उडून जातात.

रुमालाने थेंब पुसले जातात, पण हवेतलं बाष्प तिथंच राहतं. म्हणून काच पुन्हा पांढरी होते.

एक मेख आहे. वायपर फिरवल्यावर काच साफ झाली तर धुकं बाहेरून आहे. म्हणजे एसीने काच फार गार झालीय. अशा वेळी एसीचा गारवा कमी करा आणि झोत काचेवरून काढा.

ट्रिपला निघण्याआधी ही बटणं कुठे आहेत ते गाडी उभी असतानाच बघून ठेवा. घाटात शोधायला वेळ मिळत नाही.