वाघ्याच्या घरी मोत्या

समजा, तुमच्या घरी एक जाणता कुत्रा आहे. त्याचं नाव वाघ्या. वय सात-आठ वर्षं. तो म्हशींच्या मागे गुमान चालतो. वासरांवर भुंकत नाही. हाक मारली की येतो. रात्री उगीच ओरडत नाही. तो ओरडला, तर घरातली माणसं कंदील घेऊन उठतात.

अशा घरी एक दिवस नवं पिल्लू येतं. त्याचं नाव मोत्या. मोत्या म्हणजे नुसती धांदल! वहाण दिसली की चावतो. म्हशीच्या शेपटीला लोंबकळतो. वाघ्याचा कान ओढतो. घरातली पोरं हसतात. वाघ्या मात्र हसत नाही.

चिखलदऱ्याला आणि आजूबाजूच्या गावांत गवळ्यांची घरं आहेत. म्हशी, दूध आणि खवा यांवर त्यांचं पोट चालतं. भोवती मेळघाटचं जंगल. त्यात वाघ, बिबट, अस्वल. इथे कुत्रं निव्वळ हौशीचं नसतं. ते कामाचं असतं. म्हणून नवं पिल्लू कसं वाढवावं, हे नीट समजून घेऊ या.

पिल्लू दोन महिन्यांचं झाल्यावाचून आईपासून तोडू नये. भावंडांशी खेळताना ते एक मोठी गोष्ट शिकतं. जोरात चावलं की दुसरं ओरडतं आणि खेळ मोडतो. त्यामुळे दात किती लावावा, हे त्याला कळतं. फार लवकर आणलेलं पिल्लू बरेचदा हे शिकलेलं नसतं. मग ते माणसालाही कडकडून चावतं.

पहिली भेट घराबाहेर, मोकळ्या जागेत करावी. वाघ्याचं दावं एकाने धरावं, मोत्याचं दुसऱ्याने. दावं ढिलं असू द्यावं. ताणलं की कुत्र्याला वाटतं, इथे काही तरी धोका आहे. दोघांना एकमेकांचा वास घेऊ द्यावा. मग दोघांना चालवत घरी आणावं. मोत्याला कडेवर घेऊन वाघ्याच्या नाकासमोरून घरात नेऊ नये. जुन्या कुत्र्याला ते खपत नाही.

आता एक नेहमीचा प्रसंग पाहा. वाघ्या ओसरीवर निजला आहे. मोत्या येतो आणि त्याच्या अंगावर उडी मारतो. वाघ्या गुरगुरतो. मोत्या ऐकत नाही. वाघ्या दात दाखवून भुंकतो. मोत्या कुईं कुईं करत पळतो. नातू काठी उचलतो.

आजोबा म्हणतात, "वाघ्याले नोको मारू, बाबू."

"आबाजी, पिल्लाले खायाले धावला ना तो!"

"पाय बरं, रगत आलं काय कुठी? नाही ना? त्यानं त्याले सांगतलं. तू मारशीन तर तो सांगनं सोडीन. मंग एक दिवस न सांगता चावीन."

आजोबांचं म्हणणं बरोबर आहे. गुरगुरणं ही ताकीद असते. ताकीद दिल्याबद्दल मार बसला, तर कुत्रं ताकीद देणं सोडतं आणि एकदम दात लावतं. म्हणून मारू नये. मोत्यालाच उचलून बाजूला बांधावं. मात्र वाघ्या पिल्लाला दाबून धरत असेल, जखम करत असेल, तर दोघांना लगेच वेगळं करावं. पहिले काही आठवडे त्यांना एकटं सोडून कोणी शेतावर जाऊ नये.

वाघ्याला त्याची अशी एक जागा हवी. जुनं पोतं टाकलेला कोपरा पुरे. तिथे मोत्याला जाऊ देऊ नये. चिखलदऱ्याचा पावसाळा आणि थंडी तुम्हाला ठाऊक आहे. म्हाताऱ्या हाडांना कोरडी जागा लागते.

खाणं वेगवेगळ्या भांड्यांत आणि लांब लांब द्यावं. लहान पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं द्यावं. दूध आहे म्हणून तांब्याभर म्हशीचं दूध पाजू नये. पिल्लाला ढाळ लागते. भाकर कुस्करून द्यावी, जमेल तेव्हा उकडलेलं अंडं द्यावं. कांदा-लसणाचं कालवण कुत्र्याला देऊ नये. ते त्याच्या रक्ताला बाधतं.

आता मुद्द्याची गोष्ट. पुष्कळ लोक म्हणतात, "वाघ्या हाये ना घरी, तो शिकवीन त्याले." हे अर्धंच खरं आहे. म्हशीच्या शिंगापासून किती लांब राहावं, कोणत्या वाटेने परतावं, हे मोत्या वाघ्याकडे पाहून शिकेल. पण तो सारा वेळ वाघ्याबरोबर राहिला, तर वाघ्याचंच ऐकेल. तुमचं ऐकणार नाही. वाघ्याला हाक कोणी शिकवली होती? तुम्हीच ना? मग मोत्यालाही तुम्हीच शिकवली पाहिजे.

त्यासाठी रोज थोडा वेळ मोत्याला एकट्याला घ्यावं. वाघ्या तेव्हा बांधलेला असावा. नाव घेऊन हाक मारावी. आला की भाकरीचा तुकडा द्यावा आणि पाठीवरून हात फिरवावा. पाच-दहा मिनिटं पुरे. पिल्लाचं मन फार वेळ टिकत नाही. उशिरा आला म्हणून मारू नये. मारलं की तो शिकतो, "मालकाजवळ गेलं की मार बसतो." मग तो येईलच कशाला? घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरावा. एकाने "ये", दुसऱ्याने "इकडं", तिसऱ्याने शीळ, असं केलं तर बिचाऱ्याने ऐकावं तरी कोणाचं?

हाकेचं इतकं महत्त्व का? अस्वलाची गोष्ट घ्या. उनाड कुत्रं रानात अस्वलावर धावून जातं. अस्वल उलटलं की कुत्रं घाबरून पळतं. पळतं कुठे? मालकाकडे! मागोमाग अस्वल येतं. मार मालकाला बसतो. म्हणून मोत्या दहापैकी दहा वेळा हाकेला येईपर्यंत त्याला चराईला मोकळा नेऊ नये. लांब दोरीला बांधून न्यावा.

बिबट तर कुत्र्यावर टपलेलाच असतो. हिमालयात मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा घालतात, तो याचसाठी. आपल्याकडे सोपा उपाय आहे. दिवस मावळला की दोन्ही कुत्री आत, दाराला कडी. पिल्लाला अंगणात खुंट्याला बांधून ठेवणं म्हणजे बिबटाला ताट वाढून ठेवणं.

१९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ राखीव जंगलांत मेळघाट होतं. तिथे हरणामागे कुत्रं लावणं हा गुन्हा आहे. कुत्र्यांचे रोगही जंगलात जातात. २०१८ साली गुजरातच्या गीर जंगलात वीसहून जास्त सिंह दगावले. त्यांतल्या काहींत एका रोगाचे जंतू सापडले. हाच रोग कुत्र्यांनाही होतो.

म्हणून लस टोचून घ्यावी. ढोरांच्या दवाखान्यात जावं. दीड-दोन महिन्यांच्या पिल्लाला पहिली लस आणि जंताचं औषध देतात. तीन महिन्यांचं झालं की पिसाळण्याच्या रोगाची लस देतात. पुढच्या लसी डॉक्टर सांगतील त्या वेळी. वाघ्यालाही न्यावं. "तो म्हातारा, त्याले काय होते?" असं म्हणू नये. पिसाळलेलं कुत्रं म्हातारं-तरणं पाहत नाही.

पिल्लाचे दात सुईसारखे असतात. खेळता खेळता पोरांना लागतात. कोणत्याही कुत्र्याचा दात लागून कातडी फुटली, तर जखम लगेच साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी. चुना, तिखट, हळद लावू नये. मंत्र-गंडा यांत वेळ घालवू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावं. लस तिथे फुकट मिळते. डॉक्टर सांगतील तितक्या वेळा जाऊन सगळी इंजेक्शनं पुरी करावी. हा रोग एकदा अंगात उठला की बहुधा कोणीच वाचत नाही. लस वेळेवर पुरी घेतली तर माणूस वाचतो. १८८५ साली फ्रान्स देशात पाश्चर नावाच्या शास्त्रज्ञाने नऊ वर्षांच्या एका मुलाला अशी लस टोचली होती. त्या मुलाला पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. तो जगला.

वर्ष-दीड वर्षात मोत्या अंगाने वाघ्याएवढा होईल. तेव्हा वाघ्याचे गुडघे दुखू लागलेले असतील. चढण चढताना तो मागे राहील. त्याला ओढत नेऊ नये. सकाळी थोडं फिरवून आणावं आणि ओसरीवर उन्हात निजू द्यावं. मोत्या म्हशींबरोबर जाईल. संध्याकाळी म्हशींच्या घंटा ऐकू आल्या की वाघ्या उठून फाटकापाशी येईल. तेव्हा आधी त्याला भाकर टाकावी, मग मोत्याला.