कालुदायींचा वसंत आणि आपला आनंद

फाल्गुन सरत आला की आपल्या शाळेतील विहारासमोरच्या पिंपळाला तांब्याच्या रंगाची पालवी फुटते. माळावरचा पळस अंगावर एकही पान न ठेवता केशरी होऊन उभा असतो. इतिहास शिकविताना वर्गाच्या खिडकीतून मी हे वर्षानुवर्षे पाहत आलो. पण त्याकडे खऱ्या अर्थाने बघायला मला सातवीतल्या एका मुलाने शिकविले.

त्या दिवशी वर्गात सम्राट अशोकाचे शिलालेख चालले होते. मुलगा खिडकीबाहेर बघत होता. मी त्याला उभे करून रागाने विचारले, "बाहेर काय आहे?" तो म्हणाला, "सर, पळस गळायला लागला." वर्ग हसला. मधल्या सुट्टीत कळले की त्याचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले होते आणि जाताना आई सांगून गेली होती, "पळस फुलून गळाला की आम्ही आलोच समज." ज्याला मी लक्ष नसणे समजलो, ती त्या लेकराची दिनदर्शिका होती.

पुढे थेरगाथा वाचताना हा प्रसंग मला पुन्हा आठवला. सुत्तपिटकाच्या खुद्दकनिकायातील या ग्रंथात स्थविर कालुदायींच्या नावे दहा गाथा आहेत. त्यांची पार्श्वभूमी परंपरा अशी सांगते : संबोधीनंतर तथागत राजगृहाच्या वेळुवनात राहत होते. इकडे कपिलवस्तूत वृद्ध शुद्धोदन पुत्राच्या दर्शनासाठी व्याकूळ झाले होते. त्यांनी एकामागून एक नऊ दूत पाठविले. परंतु धम्म ऐकून ते सारे भिक्खू झाले आणि पित्याचा निरोप मागेच राहिला. अखेरीस त्यांनी सिद्धार्थाचे समवयस्क बालमित्र कालुदायी यांना पाठविले. तेही भिक्खू झाले. मात्र निरोप विसरले नाहीत. ते योग्य ऋतूची वाट पाहत राहिले.

फाल्गुन पौर्णिमा आली आणि कालुदायी बोलले. त्यांनी आधी पित्याचे दुःख सांगितले नाही. त्यांनी झाडे दाखविली. जुनी पाने टाकून निखाऱ्यासारखी लाल झालेली, फळे धरण्याच्या बेतात असलेली झाडे. चहूकडे दरवळणारा फुलांचा गंध. फार थंडी नाही, फार ऊनही नाही, असे वाटचालीला सुखाचे दिवस. शाक्यांना आणि कोलियांना तथागत रोहिणी नदी ओलांडताना पाहू द्यात, अशी विनंती त्यांनी केली. पुढे त्याच गाथांत शेतकरी येतो. तो आशेने नांगरतो, आशेने पेरतो. तथागतांनी विनंती मान्य केली. साठ योजनांची ती वाट रोज एक योजन चालून दोन महिन्यांत पार झाली, असे जातकाची निदानकथा सांगते.

या कथेत परंपरा किती आणि इतिहास किती, हे ठरविणे अभ्यासकांचे काम आहे. परंतु भिक्खुसंघाने फुललेल्या झाडांचे हे वर्णन शतकानुशतके मुखोद्गत ठेवले आणि पुढच्या पिढ्यांच्या हाती दिले, ही गोष्ट निर्विवाद आहे. धम्म म्हणजे आनंदाकडे फिरविलेली पाठ, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. बोधीच्या सात अंगांत 'पीती' आहे. चार ब्रह्मविहारांत 'मुदिता' आहे. पळसाचे फुलणे आपल्याला हर्ष देते आणि त्याचे गळणे अनित्यता शिकविते. हे दोन्ही धडे एकाच झाडाखाली मिळतात.

हा विषय आज मांडण्यास एक कारण आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्याला धम्म दिला आणि आपण जुने सणवार सोडले. ते योग्यच झाले. गावाच्या उत्सवात आपल्या वाडवडिलांच्या वाट्याला राबणे येई. मान येत नसे. परंतु सण सोडताना काही घरांतून ऋतूही हद्दपार झाले. मोहोर, पालवी, कोकिळेचा स्वर यांत रमणे म्हणजे जणू मागे वळणे, असा एक संकोच आपल्या मनात शिरला. वास्तविक वसंत कोणत्याही कर्मकांडाच्या मालकीचा नाही.

अशोकाच्या पहिल्या शिलालेखात याचा विवेक सापडतो. ज्या मेळ्यांना तेव्हा 'समाज' म्हणत, त्यांत आपल्याला पुष्कळ दोष दिसतात, असे सम्राट म्हणतो. पण काही समाज चांगलेही आहेत, हेही तो तिथेच नोंदवितो. त्याच लेखात यज्ञासाठी होणाऱ्या प्राणिहत्येला मनाई आहे. म्हणजे प्रश्न उत्सव असावा की नसावा हा नसून, तो कोणाच्या जिवावर आणि कोणाच्या अवमानावर उभा आहे, हा आहे. बाबासाहेबांनीही 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात शाक्यांच्या वप्रमंगल या पेरणीच्या उत्सवाचा उल्लेख केला आहे. त्या दिवशी प्रत्येक शाक्याने स्वतः नांगर धरावा, अशी रीत होती आणि सिद्धार्थ ती नेमाने पाळीत. श्रमाला प्रतिष्ठा देणारा उत्सव आपल्याला परका नाही.

आणि आपले आनंदाचे दिवसही पाहा. ११ एप्रिलला महात्मा जोतीराव फुले यांची जयंती, १४ एप्रिलला भीमजयंती, पुढे वैशाख पौर्णिमा. सारे या नव्या पालवीच्या दिवसांतच येतात. म्हणून माझी एक सूचना आहे. फाल्गुन पौर्णिमेपासून वैशाख पौर्णिमेपर्यंतचे दोन महिने, म्हणजे तथागतांच्या त्या वाटचालीचा काळ, आपण निसर्गाच्या सहवासात साजरा करावा. प्रत्येक वर्गाने परिसरातील एक झाड निवडावे. पान कधी गळले, पालवी कधी आली, कोणते पाखरू बसले, याची तारीखवार नोंद वहीत ठेवावी. उन्हाळ्यात त्या झाडाला पाणी घालावे. ऊसतोडीहून परतलेल्या पालकांचे स्वागत पिंपळाच्या सावलीत करावे आणि मुलांनी आपल्या नोंदी त्यांना वाचून दाखवाव्यात. यासाठी वर्गणी लागत नाही, ध्वनिक्षेपक लागत नाही. लागते ती सजगता.

त्या मुलाचे आईवडील चैत्रात आले. फाटकातून आत येणारी आई दिसताच तो ज्या वेगाने धावला, तो मला आजही आठवतो. त्याला वर्गात उभे केल्याबद्दल मी तेव्हा माफी मागितली नाही. आज तो आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी एक आहे. ही स्मरणिका त्याच्या हाती पडेल, म्हणून ती माफी येथे मागतो. बाळा, त्या दिवशी धड्याकडे तुझेच लक्ष होते, माझे नव्हते.

जय भीम! नमो बुद्धाय!