दोनदा पारख

छत्तीसगडची राजधानी असलेल्या रायपूरलगत नवा रायपूर हे नियोजित शहर वसले आहे. 'नवा' हा शब्द छत्तीसगडी व मराठी या दोन्ही भाषांत सारखाच आहे. येथील महानदी भवनात राज्याचे मंत्रालय आहे. या राज्याने २००७ मध्ये धानखरेदीचे संगणकीकरण केले. किती धान विकले, किती रक्कम मिळावयाची, हा हिशेब संगणकावर होऊ लागला.

अशा व्यवहारात एक संगणक दुसऱ्याकडे माहिती मागतो. मागितलेली माहिती पुरवणाऱ्या आज्ञावलीस 'वेब सेवा' म्हणतात. तिचे उत्तर चुकले, तर शेतकऱ्याच्या घामाचे मोल चुकते. म्हणून तिची चाचणी घेतात. योग्य क्रमांक, चुकीचा क्रमांक, रिकामी जागा असे सर्व प्रकार देऊन प्रत्येक उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहतात.

जावा भाषेतील आज्ञावली सहसा एका आभासी यंत्राच्या आधाराने चालते. ग्राल व्हीएमसारखे साधन तिचे आधीच यंत्रभाषेत रूपांतर करते. अशी फाईल आभासी यंत्राविना, क्षणार्धात सुरू होते आणि स्मृतीही कमी वापरते. मात्र रूपांतराच्या वेळी जो भाग वापरात दिसत नाही, तो वगळला जातो. प्रत्यक्ष चालताना केवळ नावाने शोधला जाणारा भाग असा गळू शकतो. मग आधी उत्तीर्ण झालेली सेवाही अडखळते. म्हणून तयार फाईलची चाचणी पुन्हा घ्यावी लागते. घरी मोजलेले धान खरेदी केंद्रावर पुन्हा मोजतात, तसेच हे आहे.

पाठगत प्रश्न : पहिली चाचणी पुरेशी का ठरत नाही?