विजयाचं तेल आणि माझं आतडं

एसटीत मी नेहमी दाराजवळची सीट धरते. पूर्णगडाहून रत्नागिरीला जाताना वाटेत उतरावं लागलं तर कुणाच्या घरी हक्काने शिरता येईल, हे मला पाठ आहे. पावसला जुनी मैत्रीण, गोळपला नणंद, भाट्याच्या पुलाअलीकडे एक ओळखीचं दुकान. ज्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येते, व्रण होतात, रक्त आणि शेंब पडते, आणि घाई झाली की दोन मिनिटंही धीर निघत नाही. मी प्राथमिक शाळेत शिकवते. फळ्यावर अर्धं वाक्य तसंच टाकून वर्गातून पळावं लागतं तेव्हा मागे राहिलेल्या मुलांचे चेहरे मला रात्रीसुद्धा दिसायचे.

आजार २०१६ साली कळला. त्याआधी दीड वर्ष कुणी मूळव्याध म्हणालं, कुणी आव म्हणालं. कोलोनोस्कोपी झाली, तुकडा तपासायला गेला, तेव्हा निदान पक्कं झालं. मेसालामाइनच्या गोळ्या, जोर झाला की स्टेरॉइड, आणि पुढे अॅझाथायोप्रिन. स्टेरॉइडने तोंड सुजलं, झोप गेली. तरी बहुतेक काळ मी उभी होते, शिकवत होते. हे आधीच सांगते, कारण पुढे मी जे केलं ते औषधं लागू पडत नव्हती म्हणून केलं नाही. मी कंटाळले होते. रोजच्या गोळ्या, ठरल्या वेळी रक्त तपासणं, आणि आयुष्यभर हे असंच, या विचाराला कंटाळले होते.

२०२१ च्या पावसाळ्यात पुण्याहून भाच्याचा फोन आला. "मावशी, परदेशात यावर गांजाचं औषध देतात. आपल्याकडे आयुर्वेदात विजया म्हणून मिळतं. सगळं कायदेशीर आहे." त्याने मनापासून सांगितलं, त्याला मी बोल लावत नाही. मोबाइलवर पाच-सहा मिनिटं एका डॉक्टरांशी बोलणं झालं. माझे कोलोनोस्कोपीचे कागद त्यांनी मागितले नाहीत, मीही दाखवले नाहीत. चिठ्ठी आली आणि आठवड्याभरात बाटली घरी.

तपकिरी काचेची, बोटभर उंचीची बाटली. झाकणाला रबरी ड्रॉपर. तेल गडद हिरवं, वास ओल्या गवतासारखा, चव कडसर. रात्री जेवण झाल्यावर जिभेखाली थेंब धरून मी स्वयंपाकघरात उभी राहिले. पहिल्या दोन रात्री काही कळलं नाही. तिसऱ्या रात्री मुरडा आलाच नाही आणि मी सकाळी साडेपाचपर्यंत सलग झोपले. पाच वर्षांत असं झालं नव्हतं. उठल्यावर अंगणात बसून मी रडले होते.

ते बरं वाटणं खोटं नव्हतं. या झाडात टीएचसी म्हणून द्रव्य असतं. आतड्याच्या नसांवर त्याला धरणाऱ्या जागा असतात. तिथे ते बसलं की आतड्याची हालचाल मंदावते आणि कळ कमी जाणवते. आपल्या वैद्यकाला हे आजचं नाही. शार्ङ्गधर संहितेतल्या जातीफलादि चूर्णात भांग आहे आणि ते ग्रहणीवर देतात. पण तिथे शोधन केलेली भांग, जायफळ-लवंगेसारखी इतर द्रव्यं आणि रोग्याची नाडी पाहणारा वैद्य, असा सगळा मेळ असतो. माझ्याकडे त्यातलं फक्त थेंब मोजणं होतं.

गणपतीत मी एकवीस मोदक स्वतः वळले. पाच दिवसांत एकदाही आरती अर्धी सोडून आत जावं लागलं नाही. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी अॅझाथायोप्रिनची पट्टी कपाटात आत सरकवली. महिन्याभराने मेसालामाइनही. डॉक्टरांना विचारलं नाही. यांनाही सांगितलं नाही. ऑक्टोबरात कॅल्प्रोटेक्टिनची तपासणी करायची होती, ती मी टाळली. आतड्यातली सूज मोजणारी शौचाची तपासणी ती. बरं वाटतंय तर पैसे कशाला घालवायचे, असं स्वतःलाच सांगितलं.

दिवाळीनंतर रक्त दिसू लागलं. थोडं, मग रोज. पण कळ नव्हती. रक्त आहे पण दुखत नाही, म्हणजे आतून भरून येत असणार, असा हिशोब मी मांडला. आज तो आठवला की अंगावर काटा येतो. आमच्या गावच्या लोकांना हे मी एका वाक्यात सांगते. मुचकुंदीच्या मुखाशी भरतीला पाणी सपाट दिसतं, म्हणून खडक गेलेले नसतात. गडाच्या बुरुजावरून नवख्याला सगळं निळंच दिसतं, होडी घेऊन जाणारा मात्र खडकाला वळसा घालूनच जातो. माझी कळ झाकली गेली आणि मी वळसा घालायचं सोडलं.

जानेवारीतली एक रात्र वेगळी सांगायला हवी. थेंब घेतले, तासभर झाला तरी पोट शांत होईना, म्हणून मी पुन्हा तेवढेच घेतले. पोटातून जाणारं हे औषध चढायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ घेतं, आणि यकृतातून गेल्यावर टीएचसीचं जे रूप होतं त्याचा अंमल जास्त असतो आणि सहा-आठ तास टिकतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मध्यरात्रीनंतर छाती धडधडायला लागली, जमीन होडीसारखी हलायला लागली, शेजारी झोपलेल्या माणसाला हाक मारायची तर शब्द सापडेना. दुसऱ्या दिवशी वर्गात मी सातचा पाढा सहापर्यंत म्हटला आणि थांबले. पुढचा आकडा आठवेना. पहिल्या बाकावरच्या मुलीने हळूच सांगितला. माझ्याजागी कुणी कलमावर चढलेला असता, किंवा पहाटे होडी काढणारा असता तर?

२०२२ च्या शिमग्यात पालखी दारात आली तेव्हा मला ओटीवर उभं राहवलं नाही. दिवसातून चौदा-पंधरा वेळा जाणं, सगळं रक्त. अंगात ताप, नाडी एकशे वीस. हिमोग्लोबिन ६.८. रत्नागिरीत रक्त चढवलं आणि तिथून मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात हलवलं. शिरेतून स्टेरॉइड सुरू झालं. रोज सकाळी निवासी डॉक्टर येऊन किती वेळा, किती रक्त, हे वहीत लिहून घ्यायच्या. तिसऱ्या दिवशीही आकडा उतरला नाही. संध्याकाळी सर्जन आले. त्यांनी मला बसवलं, उभं केलं, वाकायला सांगितलं, आणि बेंबीच्या उजव्या खालच्या बाजूला निळ्या पेनाने एक गोल काढला. मोठं आतडं काढावं लागलं तर शौचाची पिशवी तिथे बसणार होती. चार दिवस तो गोल माझ्या पोटावर होता. स्पंजिंग करताना सिस्टर तेवढी जागा सोडून पुसायच्या.

ऑपरेशन टळलं. छातीचा फोटो आणि क्षयाची तपासणी करून इन्फ्लिक्सिमॅब हे इंजेक्शन दिलं, त्याने आजार वळला. सगळ्यांचं असं वळत नाही. माझ्या समोरच्या खाटेवरच्या बाईंचं वळलं नाही.

पहिल्या दिवशी विचारलं होतं, "कसलं व्यसन? काही देशी औषध?" मी नाही म्हणाले. गावातली मास्तरीण भांग घेते, हे वॉर्डात कुणी ऐकलं तर, ही लाज तापापेक्षा मोठी होती. तिसऱ्या दिवशी तो गोल काढून सर्जन गेले तेव्हा मी निवासी डॉक्टरांना जवळ बोलावून सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "हे आम्हाला पहिल्या तासात हवं होतं," एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी कारण सांगितलं. सूज तीव्र असताना आतड्याची चाल मंदावणारं काहीही, अगदी जुलाबाची साधी लोपेरामाइडची गोळीसुद्धा, आतडं फुगून फाटण्याचा धोका वाढवू शकते. शिवाय नियमित घेणाऱ्याला भुलीचं प्रमाण जास्त लागू शकतं. सीबीडी हे त्याच झाडातलं दुसरं द्रव्य यकृतात दुसऱ्या औषधांच्या वाटेत येतं. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचं किंवा किडनी बदललेल्या रोग्याच्या टॅक्रोलिमसचं प्रमाण त्याने वाढू शकतं.

घरी आल्यावर मी अभ्यास केला. आधी करायला हवा होता. २०२१ साली इस्रायलमध्ये ३२ कोलायटिसच्या रोग्यांवर आठ आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. गांजा घेणाऱ्यांना बरं वाटलं, त्यांची लक्षणं कमी झाली. दुर्बिणीतून आतडं पाहिलं तर फरक ठरण्याइतका दिसला नाही. माझी सगळी कहाणी त्या दोन वाक्यांत आहे. ब्रिटनमध्ये २०१८ साली ६० रोग्यांवर सीबीडीचं प्रमाण जास्त असलेला अर्क वापरून पाहिला, तर आजार शांत होण्याच्या बाबतीत तो आणि नुसती दिखाऊ गोळी यांत अंतर पडलं नाही. कॅनडात २०१४ साली ३१३ रोग्यांची पाहणी झाली. क्रोन्सच्या आजारात, म्हणजे आतड्याच्या सुजेच्याच दुसऱ्या प्रकारात, सहा महिन्यांहून जास्त गांजा घेणाऱ्यांमध्ये ऑपरेशनची वेळ जास्त आलेली आढळली. गांजानेच ती आणली असं त्यातून ठरत नाही, मुळात जास्त आजारी माणसंच तिकडे वळली असतील. पण त्या पाहणीतही लोकांनी बरं वाटतं असंच सांगितलं होतं. अमेरिकेत या झाडापासूनची किंवा त्यातल्या द्रव्यांच्या धर्तीवर कृत्रिमरीत्या बनवलेली काही औषधं मान्य आहेत, ती अपस्माराच्या काही प्रकारांवर आणि केमोथेरपीच्या उलट्यांवर. कोलायटिस किंवा क्रोन्सवर नाहीत.

उलट्यांवरून आठवलं. वर्षानुवर्षं रोज घेणाऱ्या काहींना याच झाडामुळे न थांबणाऱ्या उलट्या होतात, आणि गरम पाण्याने अंघोळ केली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. २००४ साली ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी हे प्रथम नोंदवलं. पोटाचा रोगी हे आपल्या आजाराचंच लक्षण समजतो आणि डोस वाढवतो. कुणाला असं होत असेल तर औषध एकच, घेणं बंद करणं.

कायद्याबद्दल भाचा म्हणाला ते अर्धं खरं होतं. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे, आणि चरस म्हणजे त्याची राळ, दोन्ही बंद. शेंड्यांशिवायची पानं त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून पानांची आयुर्वेदिक औषधं परवान्यावर बनतात. पण औषध नियमांच्या ई-१ परिशिष्टात भांगेची गणना विषारी द्रव्यांत आहे आणि अशा औषधावर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे असं छापावं लागतं. शिवाय आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली भांगसुद्धा नशेच्या द्रव्यात मोडते. म्हणजे मंदिराबाहेर कुणी पुडी दिली, ओळखीच्याने गोव्याहून काही आणलं, ते आजारावर म्हणून घेतलं तरी गुन्हा गुन्हाच राहतो. आणि किराणा दुकानात जे भांगबियांचं तेल मिळतं, ज्याला २०२१ साली खाद्यपदार्थ म्हणून मान्यता मिळाली, त्यात नशेचं द्रव्य नावापुरतंच असतं. त्याने कळ थांबेल अशी आशा ठेवून पैसे घालवू नका.

मी आता तेल घेत नाही. दर आठ आठवड्यांनी इंजेक्शनला जाते. माझं मत विचाराल तर आतड्याच्या सुजेवर या झाडाचा भरवसा धरण्याइतका पुरावा आज नाही. तरीही कुणी घेतच असेल, तर मूळ औषधं बंद करून घेऊ नका. अॅझाथायोप्रिनचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात. एकदा मोडलेली घडी तेवढ्याच वेळाने बसते. स्टेरॉइड तर एका रात्रीत कधीच थांबवू नका. बाटलीवर दर मिलिलीटरला टीएचसी किती, सीबीडी किती, हे मिलिग्रॅममध्ये छापलेलं नसेल तर ती परत करा. गरोदर असाल, घरात कुणाला मनाचा गंभीर आजार झाला असेल, वय कोवळं असेल, तर हातही लावू नका. बरं वाटत असलं तरी कॅल्प्रोटेक्टिन, हिमोग्लोबिन, सीआरपी ठरल्या वेळी करा. कॅल्प्रोटेक्टिन ५० च्या आत असेल तर निश्चिंत व्हावं, २५० च्या वर गेलं तर कळ असो-नसो डॉक्टर गाठावा. माझं रुग्णालयात १८०० च्या पुढे होतं. आजाराला आठ वर्षं झाली की कर्करोगाच्या दृष्टीने ठरावीक काळाने कोलोनोस्कोपी लागते, तीही दुखत नाही म्हणून चुकवू नका. आणि दिवसात सहा वेळा किंवा जास्त रक्ताचं जाणं झालं, सोबत ताप असला किंवा नाडी नव्वदच्या वर असली, तर सकाळच्या एसटीची वाट पाहू नका. त्याच रात्री गाडी करा.

एक मागणं डॉक्टरांकडे आहे. रोग्याला एवढंच विचारा, "अजून काय काय घेता?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा. आम्हाला सांगायचं असतं, पण पहिलं वाक्य निघत नाही.

आणि तुम्ही, जे माझ्यासारखे कपाटात एखादी बाटली ठेवून बसला आहात, पुढच्या तपासणीला जाताना ती पिशवीत घाला. चूर्णाची डबी असेल तर तीही. आत गेलात की बोलायच्या आधी टेबलावर ठेवा, लेबल डॉक्टरांकडे करून.